आधी तळपायाला, मग कानाला

बीड जिल्ह्यात ज्यांनी विहिरीचं काम जवळून पाहिलं आहे, त्यांना एक अनुभव असतोच. मुरूम संपून कातळ लागला की त्यात भोकं पाडतात, सुरुंग ठासतात आणि बघ्यांना लांब पिटाळतात. माणसं बांधाआड, बाभळीआड जाऊन बसतात. बार उडतो तेव्हा आधी तळपायाखालची जमीन थरथरते आणि मग धडाका कानावर येतो. ३०० मीटरवर उभं असलं तर हवेतून यायला आवाजाला जवळजवळ एक सेकंद लागतो. कातळातून तोच हादरा सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत येऊन गेलेला असतो.

पायाला नेमकं किती आधी कळलं हे घड्याळ लावून मोजलं, तर खाली न उतरता जमिनीच्या पोटात काय आहे ते सांगता येतं. भूभौतिकीत या मोजणीला भूकंपलहरींचं अपवर्तन सर्वेक्षण म्हणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणावर ही मोजणी कशासाठी आली, तिने काय दाखवलं आणि ती कुठे अडली, त्याची ही हकीकत. तिच्या मोठ्या घटना कोयनेला आणि किल्लारीला घडल्या. बीड या दोन्हींच्या मधे आहे, आणि मला ती बीडमधूनच सांगायची आहे, कारण पाषाणाखाली काय असेल हा प्रश्न इथे पिढ्यानपिढ्या रोजच्या पाण्याचा प्रश्न आहे.

जिल्ह्याचे दोन तोंडवळे आहेत. उत्तरेला गेवराई-माजलगावची गंगाथडी, काळ्या खोल मातीची. दक्षिणेला बालाघाट चढून गेलं की पाटोदा, केज, अंबाजोगाईकडची माळरानं. तिथे वीतभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली कातळ. माती असो की माळ, खाली सगळा एकच खडक, बेसाल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहत आला, थिजला, त्यावर पुन्हा आला. असे थरावर थर बसले. डोंगराच्या उतारावर ते पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून पायरीच्या स्वीडिश शब्दावरून या खडकाला ट्रॅप हे नाव पडलं. प्रत्येक थराचा गाभा घट्ट, आणि माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या पडलेला, जाळीदार. दोन थरांच्या मधे कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा सापडतो: पुढचा लाव्हा येण्याआधी मागचा उघडा पडून कुजला, त्याची ती खूण. पाणी मुरतं ते या जाळीत आणि गाभ्याच्या चिरांत. एकसंध काळ्या गाभ्यात ते नसतं. म्हणून एका शेतात विहीर तुडुंब आणि बांधापलीकडे ठणठणीत, हे इथलं नित्याचं.

बीडजवळची खजाना विहीर बांधणाऱ्यांना हे ठाऊक असणार. निजामशाहीतला सरदार सलाबत खान आणि स्थपती राजा भास्कर यांची नावं तिच्याशी जोडली जातात. सोळाव्या शतकातलं काम, पण मोट न लावता जमिनीखालच्या बोगद्यातून उताराने पाणी शेतांपर्यंत नेलेलं. उपकरण एकही नव्हतं. डोळा होता, आणि खोदताना हाताला लागणारा दगड.

१९७२ साली या डोळ्याचं आणि हाताचं काही चाललं नाही. बहात्तरच्या दुष्काळात बीड होरपळला तो नुसता पावसाअभावी नव्हे. विहिरी उथळ होत्या, मुरमात किंवा पहिल्या कातळाच्या माथ्यावर थांबलेल्या; वरचा पाझर आटला तशा त्या आटल्या. माणसं खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर गेली, मिलो आणि सुकडी खाऊन राहिली. रोजगार हमी याच दुष्काळात उभी राहिली; तिचा कायदा १९७७ चा. याच सुमारास राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही उभी राहिली आणि कातळ फोडणाऱ्या हवेच्या दाबावरच्या रिग गावोगाव फिरू लागल्या. विहिरीला लागायचे महिने, रिगला काही तास पुरायचे. पुढे गावात हापसा आला तो या भोकांवर.

रिग आली तसा पाणाड्याच्या नारळाशेजारी आणि लिंबाच्या फांदीशेजारी एक नवा प्रश्न येऊन बसला: भोक पाडण्याआधी खालचं कळेल का?

त्याच १९७२ साली, बीडपासून फार दूर, आंध्रच्या किनाऱ्यावरच्या कावली गावापासून कर्नाटकातल्या उडुपीपर्यंत एक रेषा आखली गेली आणि तिच्यावर ठरावीक जागी सुरुंग उडवायला सुरुवात झाली. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्था आणि सोव्हिएत तज्ज्ञ यांचं हे संयुक्त काम. भारतात पृथ्वीच्या कवचाची अशी खोल मोजणी तोवर झाली नव्हती. हेतू पाण्याचा नव्हता. तीस-चाळीस किलोमीटर खालपर्यंत पाहायचं होतं. पण तत्त्व विहिरीच्या सुरुंगाचंच.

ते तत्त्व सापडलं होतं एका भूकंपात. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी झाग्रेबजवळच्या कुपा खोऱ्यात धक्का बसला. आंद्रिया मोहोरोविचिच तिथल्या वेधशाळेचे प्रमुख. निरनिराळ्या केंद्रांवरच्या नोंदी जमवून ते बसले तेव्हा त्यांना दिसलं की एकाच भूकंपाची पहिली लाट दोनदा आल्यासारखी दिसते. जवळच्या केंद्रांवर एक लाट पुढे, लांबच्या केंद्रांवर दुसरीच पुढे. त्यांनी निष्कर्ष काढला की दुसरी लाट खोल उतरून वेगवान खडकातून धावत आली आहे. तो खडक सुमारे ५४ किलोमीटरवर असावा असा त्यांचा हिशेब होता. कवच आणि त्याखालचं प्रावरण यांच्यातली ती सीमा. तिला आज सगळे ‘मोहो’ म्हणतात.

भूकंपाची वाट कशाला पाहायची, आपणच छोटा घडवू, हे जर्मनीतल्या लुडगर मिंट्रॉप या खाण-मोजणीदाराने ओळखलं. १९१९ साली त्याने या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९२१ साली ‘साइस्मोस’ ही कंपनी काढली. तीनच वर्षांत तिच्या तुकड्या अमेरिकेच्या टेक्सासमध्ये जमिनीखालचे मिठाचे घुमट शोधत होत्या, कारण त्या घुमटांच्या कडेला तेल असतं. मीठ भोवतीच्या गाळापेक्षा लाट फार वेगाने नेतं. जिथे लाट हिशेबापेक्षा लवकर पोहोचली, तिथे खाली मीठ. एवढ्या साध्या तर्कावर अनेक तेलक्षेत्रं सापडली.

हा तर्क समजायला आपल्याकडचा धुळे-सोलापूर हायवे बरा. गेवराई, बीड, चौसाळा असा तो जिल्ह्यातून जातो. समजा, हायवेपासून दोन-तीन किलोमीटर आत दोन गावं आहेत. गावं शेजारी असतील तर माणूस पांदीनेच जातो. हायवेला वळसा घालण्यात अर्थ नसतो. पण दुसरं गाव ३० किलोमीटरवर असेल तर आधी हायवे गाठणारा पुढे पोहोचतो. जायला वेळ मोडला, यायला वेळ मोडला, तरी मधल्या वेगाने तो भरून निघाला. कुठल्या अंतरापासून हायवेवाला जिंकायला लागतो ते कळलं, की हायवे गावापासून किती आत आहे हे न पाहता काढता येतं.

जमिनीत पांदी म्हणजे मुरूम, हायवे म्हणजे कातळ. जाड पोलादी पट्टीवर घण मारायचा किंवा बारीक सुरुंग उडवायचा, आणि एका ओळीत जमिनीत खुपसलेले जिओफोन लाट कधी आली ते नोंदवतात. मुरमात लाट सेकंदाला १,००० मीटर जाते आणि घट्ट बेसाल्टात ५,००० मीटर, असं धरू. जवळच्या जिओफोनला मुरमातली लाट आधी येते. २५ मीटरच्या पुढच्यांना कातळावरून आलेली आधी येऊ लागली, तर कातळ सुमारे १० मीटर खाली आहे. घण, घड्याळ आणि थोडी त्रिकोणमिती. धरणाच्या पायाचा कातळ किती खोल आहे हे आजही असंच शोधतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन शाळेचं हे नेहमीचं काम आहे.

महाराष्ट्राच्या पाषाणावर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर आली ती भीतीपोटी. कोयनेचा जलाशय १९६२ पासून भरू लागला, भोवती बारीक धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरलं. तीव्रता ६.३, सुमारे १८० माणसं गेली. दख्खनचं पठार म्हणजे अचल भूमी, इथे भूकंप होत नाहीत, हा शाळेच्या पुस्तकातला विश्वास त्या पहाटे तडकला. पाण्याच्या भाराने आणि दाबाने खालची जुनी भेग सरकली असावी, असं म्हटलं जाऊ लागलं. पण भेग आहे कुठे? वर सगळीकडे लाव्हाचं जाड पांघरूण. भूवैज्ञानिकाचा हातोडा त्याच्या आरपार पोहोचत नव्हता.

म्हणून सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात के. एल. कैला यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या संस्थेने सोव्हिएत तज्ज्ञांसह दोन रेषा मोजल्या. एक कोकणातल्या गुहागरपासून कोयना ओलांडून सांगलीकडच्या चोरोचीपर्यंत, दुसरी केळशीपासून लोणीपर्यंत. सह्याद्रीच्या माथ्यावरून केबल ओढणं आणि मैलोगणती जिओफोन पुरणं हे काय काम असेल, ते घाट पायी चढलेल्यालाच कळेल. भोकात दारू ठासून स्फोट करायचा, लाट खाली जाऊन कुठवर परतते त्याची नोंद घ्यायची, तळ हलवायचा, पुन्हा तेच. १९८१ च्या सुमारास या रेषांवरचे शोधनिबंध छापून आले.

त्यातून जे दिसलं ते असं. ट्रॅपमधून लाट सेकंदाला साधारण ५ किलोमीटर धावते आणि त्याखालच्या ग्रॅनाइटी खडकात पोहोचली की ६ च्या वर जाते. हायवे सापडला होता. त्याच्या खोलीवरून लाव्हाच्या पांघरुणाची जाडीही सापडली: पश्चिमेकडे सुमारे दीड किलोमीटर, पूर्वेकडे विरळ होत गेलेली. मोहो ३५ ते ४० किलोमीटरवर होता. आणि कोयनेखाली खोलवर उतरणाऱ्या भ्रंशाची खूण होती.

पण या पद्धतीला एक बहिरेपणा आहे आणि नेमका तो दख्खनमध्ये फार नडतो. लाट आडवी पळून पुन्हा वर यायची असेल तर खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान हवा. खाली मंद थर असेल तर लाट तिथून वर वळत नाही, उलट आणखी खाली मोडते. वरच्या जिओफोनला त्या थराचा पत्ताही लागत नाही. हायवेच्या खाली पांद असेल तर तिच्यातून जाऊन कोण आधी पोहोचणार? बेसाल्ट वेगवान. त्याच्याखाली लाव्हा येण्यापूर्वीचा वाळूखडक किंवा चिकणखडक दडला असेल तर तो मंद, म्हणजे अदृश्य. वर विहिरीच्या खोलीवरही तीच गत. घट्ट काळ्या गाभ्याखाली असलेला जाळीदार, पाण्याचा थर मंद असतो. घण मारणाऱ्याला पहिला कातळ किती फुटांवर ते अचूक कळतं, आणि शेतकऱ्याला हवा असतो तो त्याच्या खालचा. म्हणूनच मराठवाड्यात पाणी शोधायला भूजलवाले बहुधा विजेच्या रोधाची मोजणी करतात: जमिनीत चार सळया रोवायच्या, प्रवाह सोडायचा, किती अडला ते पाहायचं. ओला थर वीज सोडतो, कोरडा अडवतो.

कैलांनी या बहिरेपणावर एक तोड वापरली. नुसती पहिली लाट न पाहता मागून येणाऱ्या, खालच्या थरांवरून आपटून परतलेल्या लाटाही त्यांनी वाचल्या आणि पहिली लाट जिथे अचानक तुटते, वेळ चुकवून पुढे पुन्हा उगवते, ती जागा मधल्या मंद थराची मानली. या वाचनातून नर्मदा-तापी खोऱ्यात ट्रॅपखाली दडलेलं जुन्या गाळखडकांचं मोठं खोरं असल्याचं त्यांनी १९८८ मध्ये मांडलं. तेल शोधणाऱ्यांचे कान त्यामुळे टवकारले. कोयनेकडे मात्र तसं काही दिसलं नाही. लाव्हा थेट प्राचीन खडकावर बसलेला.

या रेषा बीडपर्यंत आल्या नाहीत. कोयना हलली म्हणून कोयना मोजली गेली. पूर्वेकडचं पठार तोवर शांत होतं आणि शांत भूमी मोजायला पैसा कोण देतो?

१९९२ च्या पावसाळ्यात आणि नंतर लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली. १८ ऑक्टोबरला चांगला जाणवणारा धक्का बसला. लोक घाबरले, मग हळूहळू सवय झाली. वर्षभराने, ३० सप्टेंबर १९९३ ला, गणेश विसर्जन उरकून गावं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन फाटली. भूकंपाची खोली फार नव्हती, त्यामुळे जवळच्या गावांना सगळा मार बसला. लातूर-उस्मानाबादमधली ५२ गावं भुईसपाट झाली, जवळपास दहा हजार माणसं गेली. अंबाजोगाई किल्लारीपासून सरळ रेषेत सुमारे ७५ किलोमीटर. कठीण खडकातल्या वेगाने हिशेब केला तर पहिली लाट तिथे बारा-तेरा सेकंदांत पोहोचली असेल आणि मागची, हलवून सोडणारी, आणखी आठ-दहा सेकंदांनी. मधल्या वेळात माणूस जागा होतो, इतकंच. किल्लारीत मेली ती माणसं बहुतांशी घरांखाली मेली: दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहणारी ही घरं बीडमध्येही तशीच होती. त्या रात्रीनंतर बरेच दिवस इकडेही लोक अंगणात झोपले.

कोयनेला निदान धरण होतं. किल्लारीला तसं बोट दाखवायला मोठं काही नव्हतं. शास्त्रज्ञ आले, गुरुत्व मोजलं, पृथ्वीच्या चुंबकीय-विद्युत लहरी मोजल्या. मग जिथे जमिनीवर भेग उमटली होती तिथे थेट भोकच पाडलं गेलं, ६१७ मीटर खोल. ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला. त्याखाली फक्त ८ मीटर जुना गाळ, आणि मग प्राचीन खडक. तो ८ मीटरचा पट्टा वरून सुरुंग लावून ओळखणं फार अवघड होतं. दोन वेगवान खडकांच्या मधला मंद, पातळ थर. बहिरेपणाचा याहून नेमका नमुना मिळायचा नाही.

पश्चिमेकडची पडताळणी आणखी वीस वर्षांनी झाली. कोयनेजवळ रासाटी इथल्या भोकात ट्रॅप ९३३ मीटरवर संपला. २०१६-१७ मध्ये गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल गेलेल्या भोकात तो १,२४७ मीटरवर संपला. कराडला त्यासाठी वेगळी प्रयोगशाळा उभी राहिली. दोन जागांतल्या फरकात वरच्या डोंगराच्या उंचीचा वाटा मोठा होता. दोन्हीकडे ट्रॅपखाली थेट ग्रॅनाइटी खडकच निघाला, गाळ नाही. सत्तरच्या दशकात घाटमाथ्यावर सुरुंग उडवून जे सांगितलं गेलं, ते मोठ्या रेषेत खरं होतं.

म्हणजे पश्चिमेला हजार मीटरच्या आसपास आणि पूर्वेला ३३८. बीड या दोन आकड्यांच्या मधे आहे. आष्टीकडून परळीकडे जाताना पायाखालचा पाषाण पातळ होत जात असणार, एवढं यावरून म्हणता येतं.

हा आकडा पुस्तकी वाटेल. पण ३३८ मीटर म्हणजे सुमारे १,१०० फूट, आणि १,००० फुटांचा बोअर ही गोष्ट आता मराठवाड्यात नवलाची राहिलेली नाही. राज्याचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटरच्या, म्हणजे सुमारे २०० फुटांच्या खाली गेलेल्या विहिरीला खोल विहीर म्हणतो आणि तिच्यावर बंधन घालतो. रिगवाला ते २०० फूट चहा पिता पिता ओलांडतो. केज तालुक्यातल्या धनेगावच्या मांजरा धरणावर लातूर शहर जगतं. ते धरण कोरडं पडलं तेव्हा १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. त्या उन्हाळ्यात आणि त्याच्या आधीच्या उन्हाळ्यांतही शेतकरी खाली खाली जात राहिला. पहिला काळा पाषाण, मग तांबडं, पुन्हा काळा, मग जाळी, पुन्हा काळा. कित्येकदा शेवटपर्यंत नुसता फुफाटा.

अपवर्तनवाल्यांना जे वरून ऐकू येत नव्हतं, ते या भोकांतून हजारो वेळा वर आलं: कोणत्या फुटावर कोणता रंग, कुठे ओल, कुठे हवा दबली. लातूरच्या सीमेकडच्या एखाद्या बोअरने पाषाणाच्या तळाच्या फार जवळ धडक दिली असेल. पण त्यांतल्या बहुतेक बोअरचा कागद नाही. रिग सकाळी पुढच्या गावाला गेलेली असते, उडालेली भुकटी वाऱ्यावर जाते. नोंद उरते ती पारावर बसलेल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात: “चारशे फुटांला तांबडं निघालं होतं बघा, तिथंच जरा ओल होती. पण मी थांबलो नाही.”